अढळ ब्रांद आणि वाळलेलं गवत

मारेकरी बारा ठरले होते. दुपारचे दोन वाजून गेले तरी त्यांतला एकही आला नव्हता, आणि आस्मुंद अंगात चिलखत घालून, हातात तलवार घेऊन, शिळेवर एकटाच उभा होता.

शिळा म्हणजे मेंढवाड्याशेजारचा छातीइतक्या उंचीचा खडक. खाडीच्या जुन्या गाथेप्रमाणे हजार वर्षांपूर्वी अढळ ब्रांद याच खडकावर बारा जणांशी लढला आणि पाऊलभरही मागे न सरता पडला. त्याची आठवण म्हणून दर जुलैत एका शनिवारी गावकरी त्याला पुन्हा मारत. गेली एकोणीस वर्षं ब्रांद म्हणून आस्मुंदच मरत आला होता. वर्षाचे उरलेले दिवस तो मेंढ्या राखायचा आणि बायकोचं ऐकायचा, त्यामुळे या एका दिवसाचं त्याला फार अप्रूप होतं.

यंदा तर जास्तच. राजधानीहून तोर्फी नावाचा सिनेमा दिग्दर्शक येणार होता. त्याला ब्रांदवर सिनेमा काढायचा होता आणि नायकाच्या शोधात तो गावोगाव हिंडत होता. ही बातमी कळल्यापासून आस्मुंद रोज आरशासमोर एकदा तरी मरून पाहत होता. मरताना म्हणायचं आठ ओळींचं कवनही त्याने नव्याने रचलं होतं.

घात केला तो उन्हाने. तीन आठवडे संततधार लागली होती आणि कापलेलं गवत शेतात भिजत पडलं होतं. त्या सकाळी आभाळ निवळलं, वारा सुटला आणि रेडिओने सांगितलं की संध्याकाळी नैर्ऋत्येकडून पाऊस पुन्हा येणार आहे. अशा दिवशी या खाडीत अंत्यविधीसुद्धा पुढे ढकलतात, आणि मेलेला माणूस शेतकरी असला तर त्याचीही हरकत नसणार असं सगळे धरून चालतात.

"आज तुला मारायला कुणी येणार नाही," त्याची बायको स्टाइनवर सकाळीच म्हणाली होती.

"शब्द दिलाय त्यांनी."

"शब्द दिला तेव्हा पाऊस होता."

तरीही बाराच्या घंटेला आस्मुंद शिळेवर चढला, आणि एकदा चढल्यावर उतरायची सोय नव्हती. ब्रांद आमचाच, असं पलीकडच्या तीरावरचं गावही म्हणत असे. चाळीस वर्षांपूर्वी दोन्ही गावांनी भांडून भांडून एक करार केला होता. शिळेवर चढलेल्या ब्रांदने जिवंत खाली उतरू नये. ज्या वर्षी तो जिवंत उतरेल, त्या वर्षापासून हा सोहळा कायमचा पलीकडे जाईल. पलीकडे फ्रीदगेर नावाची एक बाई राहायची. दर वर्षी त्या दिवशी ती दुर्बीण घेऊन खिडकीत बसे, आणि खिडकी सोडायला नको म्हणून स्वयंपाक आदल्या दिवशीच करून ठेवी.

अडीचच्या सुमारास मारेकऱ्यांचा म्होरक्या थोरकेल ट्रॅक्टरवरून आला. त्याने इंजिन बंद केलं नाही.

"आस्मुंद, राग मानू नकोस. अजून अर्धं गवत पडलंय माझं."

"अरे, पाच मिनिटांचं तर काम आहे. तू एकटा मार आणि जा."

"एकट्याने कसं? गाथेत बारा आहेत. पलीकडचे तोंडात शेण घालतील. सहा वाजेपर्यंत सगळ्यांना गोळा करून आणतो, तोवर दम धर."

"ब्रांदला असं कुणी ताटकळत ठेवलं नव्हतं."

"त्याचं गवत आधीच आत गेलं असणार," थोरकेल म्हणाला आणि निघून गेला.

आस्मुंद दमून खडकावर बसला. तोच गावचे पाद्री एग्गर्त चर्चमधून लगबगीने आले. उत्सवाची व्यवस्था त्यांच्याकडे होती, आणि आज व्यवस्थेबरोबर प्रेक्षकही तेच होते.

"बसू नकोस बाबा. फ्रीदगेरचा फोन आला होता. विचारत होती, बसणं हे अर्धं उतरणं धरायचं का म्हणून."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"बघून सांगतो म्हटलं. पण फोनची लाइन सगळ्यांची एकच, आणखी सहा जण ऐकत होते, त्यातले दोघे तिच्या बाजूचे निघाले."

आस्मुंद उठून उभा राहिला. चिलखत उन्हात तापलं होतं, आत लोकर टोचत होती आणि सकाळी प्यालेल्या तीन कप कॉफीला आता बाहेर पडायचं होतं. पण खरा त्रास वेगळाच होता. शिळेवरून त्याला त्याचं स्वतःचं शेत दिसत होतं, आणि त्यात एकटी स्टाइनवर दंताळ्याने गवत ओढत होती. हे गवत भिजलं तर एकशे वीस मेंढ्यांतल्या निम्म्या हिवाळ्याआधीच कापाव्या लागल्या असत्या. नैर्ऋत्येला डोंगरामागून ढगाची एक करडी कड वर आली होती. हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचं नाव राखायला आपण इथे उभे आहोत आणि आपली बायको तिथे वाकून वाकून मोडतेय, याची त्याला मनापासून लाज वाटली. लाज वाटली तरी सिनेमा डोक्यातून जाईना.

साडेतीनला तोर्फी आला. शहरी बूट, गळ्यात कॅमेरा. आस्मुंदने ताबडतोब पोट आत घेतलं.

"लढाई कधी आहे?" तोर्फीने विचारलं.

"मारेकरी गवतात आहेत," पाद्री म्हणाले.

"अरे वा. दबा धरून?"

"नाही. गोळा करतायत."

तोर्फीने मान डोलावली आणि एका उलट्या बादलीवर बसून तो वीराकडे निरखून पाहू लागला. वीराने तलवार या हातातून त्या हातात घेतली, दूर समुद्राकडे नजर लावली, मग दुसऱ्या बाजूने तोंड छान दिसतं हे आठवून मान वळवली. वळवली ती नेमकी ढगाकडे. ढग आता डोंगराच्या अलीकडे आला होता.

तेवढ्यात स्टाइनवर दंताळं खांद्यावर टाकून तरातरा आली. तिने पाहुण्याकडे बघितलंही नाही.

"आस्मुंद, खाली उतर."

"उतरता येत नाही. तुला माहितीये."

"ढग बघितलास?"

"तासभर तेच बघतोय." मग त्याने आवाज खाली आणला. "अगं, सिनेमावाला आलाय. एकोणीस वर्षं मी याच दिवसाची—"

"आणि मेंढ्या काय खातील? तुझं कवन?"

आस्मुंदने पुन्हा ढगाकडे पाहिलं. स्टाइनवर पाद्र्यांकडे वळली.

"करारात काय लिहिलंय? शब्दन् शब्द सांगा."

"ब्रांदने जिवंत खाली उतरू नये."

"किती जणांनी मारावं, ते लिहिलंय?"

पाद्र्यांनी आठवून पाहिलं. "नाही."

"कुणी मारावं?"

"तेही नाही लिहिलेलं."

"बरं," ती म्हणाली. "ऊठ रे," असं म्हणून तिने तोर्फीच्या खालची बादली ओढून घेतली, तिच्यावर चढली आणि दंताळ्याचा दांडा नवऱ्याच्या पोटात खुपसला.

"थांब, थांब. आठ ओळी आहेत."

"मनात म्हण."

दुसरा टोला जरा जोरात बसला. आस्मुंदने एकोणीस वर्षं गुडघ्यांवर येऊन, मग कुशीवर वळून, आकाशाकडे हात करून प्राण सोडले होते. या वेळी तो दाणकन बसला आणि आडवा झाला. पाद्र्यांनी टोपी काढली आणि ते पलीकडच्या तीराला दिसावं म्हणून चर्चचा झेंडा अर्ध्यावर आणायला धावले.

"मेलास?" स्टाइनवरने विचारलं.

"मेलो."

"मग ऊठ आणि ट्रॅक्टर काढ."

तो उठला आणि तिच्यामागून चालू लागला. आपण काय घालवलं हे त्याला चांगलंच कळत होतं, म्हणून त्याने मागे वळून तोर्फीकडे पाहिलं नाही. वाटेत मेंढवाड्याच्या आडोशाला तेवढं कॉफीचं काम उरकून घेतलं. चिलखताचे पट्टे पाठीवर होते आणि ते सोडवायला दोन माणसं आणि अर्धा तास लागायचा. तेवढा वेळ कुणाकडे नव्हता, त्यामुळे अढळ ब्रांद चिलखतासकट ट्रॅक्टरवर बसला.

तोर्फी काहीतरी विचारायला शेतापर्यंत आला. स्टाइनवरने त्याच्या हातात दंताळं दिलं.

"तुझे हात रिकामे दिसतायत," ती म्हणाली. त्याचे हात नंतर तीन तास रिकामे झाले नाहीत. झेंडा उतरवून आलेल्या पाद्र्यांनाही गवत उचलायचा एक काटा मिळाला. चौघांनी ओढलं, भरलं, वाहिलं. आस्मुंद चिलखतातून घामाने निथळत गवताचे भारे वर फेकत होता. शेवटची खेप कोठारात शिरली आणि पत्र्यावर पाऊस वाजू लागला.

सगळे स्वयंपाकघरात मासे आणि बटाटे खात बसले असताना दार उघडून थोरकेल आत आला. मागे आणखी अकरा. बाराही जण चिंब भिजलेले, हातांत कुऱ्हाडी आणि भाले.

"चल रे आस्मुंद. शब्द दिला होता, आलोय बघ सगळे."

"मी मेलोय," आस्मुंद बटाटा चावत म्हणाला.

"कुणी मारलं?"

त्याने हातातला काटा बायकोकडे रोखला. बाराही जणांनी आधी स्टाइनवरकडे पाहिलं आणि मग आपापल्या हत्यारांकडे.

"एकटीने?" थोरकेलने विचारलं.

"बारा जणांना सवड नव्हती," ती म्हणाली आणि तिने कॉफीचं मोठं भांडं चुलीवर ठेवलं.

तोर्फीच्या दोन्ही तळहातांना फोड आले होते. तो ते न्याहाळत बोलू लागला.

"देशभरात एकतीस ब्रांद बघितले मी. छाती सगळ्यांना आहे. पण चिलखत अर्धा तास अंगावर ठेवेल असा एक नाही निघाला. आस्मुंद, माझा ब्रांद तूच. पुढच्या जुलैत शूटिंग आहे. अख्खा महिना लागेल."

आस्मुंदचा हात ताटावर थांबला. एकोणीस वर्षं ज्यासाठी तो मरत आला होता ते समोर आलं होतं. त्याने खिडकीतून कोठाराकडे पाहिलं.

"जुलैत गवत असतं," तो म्हणाला. हे वाक्य आपल्याच तोंडून आलं याचं त्याला नवल वाटलं, आणि दुःखही झालं. मारेकऱ्यांनी माना डोलावल्या. बाराही जण शेतकरीच होते.

स्टाइनवरने नवऱ्याकडे पाहिलं. मग तिने हात पुसले.

"पाऊस असेल त्या दिवशी घेऊन जा त्याला," ती तोर्फीला म्हणाली.

"पण शूटिंगला ऊन लागतं."

"ऊन मला लागतं."

तोर्फी बराच वेळ काचेवरून ओघळणारं पाणी बघत बसला. शेवटी त्याने पाद्र्यांना विचारलं, "गाथेत काय आहे हो? ब्रांद पडला त्या दिवशी हवा कशी होती?"

पाद्र्यांना गाथा तोंडपाठ होती. तिच्यात त्या दिवशी लख्ख ऊन होतं आणि चकाकणाऱ्या ढालींकडे बघवत नव्हतं. त्यांनी टेबलापलीकडे पाहिलं. आस्मुंद अजून चिलखतातच होता, काटा हातात तसाच धरून त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"मुसळधार पाऊस होता," पाद्री म्हणाले.