होना की होईना

जावई लेकीला घेऊन भोगीच्या सकाळी आला आणि रंगनाथरावांचा आवाज बसला.

हा आवाज साधासुधा नव्हता. सेलूच्या बस स्टँडवर गाड्या पुकारायचं काम रंगनाथरावांकडे होतं. "वालूर, देवगाव फाटा, गाडी लागलेली आहे," असं ते म्हणाले की चहाच्या टपरीवर डुलक्या घेणारे पाव्हणेसुद्धा पिशवी सावरत उठायचे. कर्णा बिघडला तरी कुणाच्या लक्षात यायचं नाही. पण जावई समोर आला की याच गळ्यातून "या, बसा" एवढंही धड निघत नसे.

त्याला कारण होतं. जावई भुजंग पूर्ण्याला रेल्वेत पार्सल ऑफिसात होता. पूर्णा म्हणजे हाकेच्या अंतरावर. लेक कस्तुरा सकाळी निघाली तर दुपारच्या भाकरीला माहेरी पोचायची. पण दिवाळीनंतर कुणकुण लागली होती की भुजंगला बढती मिळतेय आणि बदली थेट गोव्याच्या वाटेवरच्या घाटात होणार आहे. तेव्हापासून रंगनाथरावांना घास गोड लागत नव्हता. एकुलती एक लेक घाटात गेली की वर्षातून एकदा दिसणार. 'तुम्ही जाणार का?' एवढंच जावयाला विचारायचं होतं, पण विचारलं आणि माणूस बिथरला तर? शेजारच्या व्यंकटरावांच्या जावयाला गेल्या साली आनंदमेळ्याच्या रांगेत धक्का बसला, तर तो तिथूनच स्टेशनवर गेला आणि अजून परत आला नव्हता.

"आवं, इचारा की सरळ," कुसुमबाई म्हणाल्या. त्या चुलीपुढे तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी थापत होत्या. "जावई हाय, वाघ न्हाई."

"आदी त्यांना खूश करतो. मंग बगू."

खूश कशानं करायचं हे दुपारी आपोआप कळलं. सासरे-जावई पान खायला निघाले, तेव्हा वाटेवरच्या मैदानात आनंदमेळ्याचा आकाशपाळणा दिसला. भुजंग थबकला, मान मागे टाकून टोकापर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "लय उंच हाय की, मामा."

एवढं बोलला आणि पुढे चालू लागला. पण रंगनाथरावांनी ते मनात पक्कं धरलं. जावयाची इच्छा तोंडातून निसटली होती. आता ती पुरी केली नाही तर सासरेपण कशाला मिरवायचं? खुद्द रंगनाथरावांना माळ्यावर चढतानाही घाम फुटायचा, ही गोष्ट वेगळी. आपल्या भागात उंच जागा म्हणजे कडब्याच्या गंजीचा शेंडा, आणि तिथंही ते कधी गेले नव्हते. आताही त्या पाळण्याकडे बघून त्यांच्या तळपायाला मुंग्या आल्या, पण त्यांनी तिकडे दुर्लक्ष केलं.

पाळण्याचा मालक चाँदभाई हैदराबादचा. तो म्हणाला, "मामू, दिन में बहोत भीड है. मेला बंद हुए बाद आओ. खास मेहमानों का खेल है. लाइन नहीं, धक्का नहीं. जित्ता होना उत्ता घूमो."

'होना' म्हणजे 'पाहिजे', हे सेलूच्या पोरासोरालाही ठाऊक. पाहिजे तेवढं फिरा. रांग नाही आणि धक्का नाही, हे ऐकून रंगनाथरावांना व्यंकटरावांचा जावई आठवला आणि त्यांनी तिथंच होकार दिला.

"तोच पाळणा, तोच मानूस," कुसुमबाईंनी तिकिटाचा भाव ऐकून लाटणं खाली ठेवलं. "दिवसा दोन रुपये आन् मेळा बंद झाल्यावर पंधरा? अंधाराचे तेरा रुपये जास्तीचे घेतो का त्यो?"

"खास हाय ते. आपल्याशिवाय कोनी नसतं."

"घरात तरी कोन हाय? घरात बसा की फुकट."

पण रंगनाथरावांनी ऐकलं नाही. मेळा त्या दिवसांत दिवेलागणीलाच बंद व्हायचा. विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय आज होतो की उद्या, अशी स्थिती होती आणि खबरदारी म्हणून सांजेनंतर जमावबंदी लागली होती. पाच माणसं एका जागी दिसली की पोलीस हटकत. म्हणून चाँदभाईचा खास खेळ चारच माणसांचा होता. तो आणि त्याचा भाऊ कामाचे, ते मोजायचे नाहीत, असं त्याचं म्हणणं. रंगनाथरावांनी मनातल्या मनात मोजले, तर सहा भरले. जावयाच्या पायी आता तुरुंगही बघावा लागतो की काय, या भीतीनं त्यांनी उपरणं कानावरून घट्ट ओढून घेतलं.

मैदानात एकच कंदील होता. इंजिनाचा आवाज पोलिसांना ऐकू जाईल म्हणून दोघं भाऊ पाळणा हातानंच फिरवणार होते. "आवाज नक्को करो," चाँदभाई कुजबुजला. "पुलिस फिरती." मग त्यानं सासऱ्या-जावयाला एका डोलीत बसवलं आणि मायलेकींना बरोबर समोरच्या डोलीत. "वजन बराबर होना," तो म्हणाला.

डोली करकरली आणि जमीन खाली गेली.

पहिल्याच फेरीत रंगनाथरावांनी समोरची दांडी गच्च धरली. वर गेलं की सगळं सेलू गाव पायाखाली जात होतं, आणि खाली येताना पोट वरच राहत होतं. दांडी थंडगार होती, तरी तळहाताला घाम सुटला. त्यांनी चोरून भुजंगकडे पाहिलं. तो डोळे मिटून, ओठ घट्ट दाबून, अगदी ताठ बसला होता. केवढा रंगलाय माणूस, रंगनाथरावांच्या मनात आलं. समोरच्या डोलीतून मायलेकींच्या हसण्याची खसखस येत होती. हसायचं काय सुचतं यांना, याचं त्यांना नवल वाटलं.

पाच फेऱ्या झाल्या. खालून चाँदभाईनं दबक्या आवाजात विचारलं, "और होना?"

एरवी रंगनाथरावांना दखनी उत्तम समजायची. चाँदभाई विचारत होता, अजून पाहिजे का? पण भ्यालेल्या माणसाला जे ऐकायचं असतं तेच ऐकू येतं. त्यांना वाटलं, त्या भल्या माणसाला दया आली आणि तो विचारतोय, 'आता होईना का?'

"होईना," ते वरून कळवळून म्हणाले. ओरडायची बंदी होती, म्हणून शब्द अर्धा गळ्यातच राहिला. "होईना बाबा, होईना."

खाली पोचलं ते एवढंच: 'होना बाबा, होना.'

"शौकीन लोगाँ हैं," चाँदभाई भावाला म्हणाला, आणि दोघांनी पुन्हा जोर लावला.

आणखी पाच फेऱ्या. "और होना?" "होईना, होईना." आणखी पाच. खाली दोघं भाऊ धापा टाकू लागले होते. पण खास तिकीट घेतलेल्या मेहमानाला नाही कसं म्हणायचं? त्यांनी अंगातले सदरे काढले. वर रंगनाथरावांना वाटत होतं, हा माणूस नाही, हा कुठला तरी मागच्या जन्मीचा वैरी आहे. आपण जेवढं विनवावं तेवढं हा जोरात फिरवतो. आता लेकीचं तोंडही पुन्हा दिसत नाही, असं वाटून त्यांचे डोळे भरून आले.

चौथ्यांदा "होईना" म्हणाले, तेव्हा भुजंगनं पहिल्यांदा तोंड उघडलं. त्याच्या ऑफिसात साहेब हैदराबादचे होते.

"मामा," तो डोळे न उघडताच म्हणाला, "तुमी होईना म्हनायलाव, त्याला होना ऐकू यायलंय."

मग त्यानं खाली तोंड करून स्पष्ट सांगितलं, "नक्को."

दोघा भावांनी हा शब्द ऐकला आणि देवाचं नाव घेऊन हात जागच्या जागी थांबवले. मायलेकींची डोली बरोबर जमिनीशी होती, त्या उतरल्या. अर्थातच सासरा-जावई बरोबर टोकाशी होते. आता पाळणा अर्धा फिरवून त्यांना खाली आणायचं, एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात कुंपणापाशी बॅटरीचा उजेड पडला.

"कोन हाय तिकडं?"

हवालदार आत आला. बॅटरीचा झोत एकेकाच्या तोंडावरून फिरला. चाँदभाई, त्याचा भाऊ, कुसुमबाई, कस्तुरा. "चार," हवालदार म्हणाला. "चार चालतात. अजून कोनी?"

"ह्ये वर हायेत," कुसुमबाईंनी बोट वर केलं. त्यांना खोटं बोलता येत नसे.

झोत वर गेला. अंधारात चार डोळे चमकले.

हवालदारानं बोटांवर पुन्हा मोजलं. "वर दोन, खाली चार," तो शेवटी म्हणाला. "आत्ता कायद्यात हायेत. पन ते खाली उतरले की सहा व्हत्यात. मंग मला कारवाई करावी लागंल. आसं करा, उतरवू नका. बायांनो, तुमी दोघी आदी घरी जावा. तुमी दिसेनाशा झाल्या की मंग ह्यांना उतरू द्या."

"आवं, त्यांना भ्या वाटायलंय," कुसुमबाई म्हणाल्या.

"कायद्याला त्याचं काय?"

मायलेकी निघाल्या. कुसुमबाईंच्या टाचेला भेगा होत्या, त्यामुळे त्यांची चाल आधीच सावकाश, त्यात दर चार पावलांनी थांबून त्या वर बघत होत्या. त्या उतरल्यामुळे समोरची डोली रिकामी होती आणि सगळा पाळणा आता दोघा भावांच्या हातांवर तोलला होता. त्यांचे दमलेले हात थरथरले की वरची डोली थरथरत होती. भोगीची थंडी, त्यात वारा. रंगनाथरावांनी भुजंगचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता.

मरायचंच असेल तर विचारून मरावं, असं त्यांना वाटलं.

"जावईबापू," ते कुजबुजले. "बदलीचं कसं करायलाव?"

भुजंगचे दात वाजत होते. दातांच्या मधून शब्द आला. तो 'होना' होता की 'होईना', ते कळायला मार्ग नव्हता.

बदली पाहिजे म्हणतोय, की जमत नाही म्हणतोय? लेक घाटात चालली की पूर्ण्यात राहिली? आणि सकाळपासून बसलेला तो बस स्टँडवरचा आवाज एकदम मोकळा सुटला.

"मराठीत सांगा."

मैदान दणाणलं. वडाच्या झाडावरचे कावळे उठले. खाली हवालदाराच्या हातातून बॅटरी पडली. रस्त्यावर पोचलेल्या कुसुमबाई जागीच उभ्या राहिल्या.

"मराठीतच सांगायलोय, मामा," भुजंग रडकुंडीला येऊन म्हणाला. "होईना मला. तिथं घाटात पूल लय उंच हायेत. रोज त्या पुलावरून जायचं. मला उंचीचं लय भ्या वाटतं. मी पंधरा दिसांमागंच लिहून देलंय, बढती नको म्हनून."

"मंग पाळन्यात कशाला बसलाव?"

"तुमाला आवड हाय म्हनून. सासऱ्याला नको कसं म्हनायचं?"

रंगनाथरावांनी जावयाचा हात सोडला नाही. खाली हवालदारानं बॅटरी उचलली आणि आवाज ओळखून वर पाहिलं. "रंगनाथराव, तुमी हाव व्हय? सकाळची वालूर गाडी टायमावर हाय का?"

"हाय," रंगनाथराव वरून म्हणाले.

मायलेकी दिसेनाशा झाल्या, तसा पाळणा फिरला आणि जमीन आली. ती पायाखाली लागताच सासरा-जावई दोघंही मातीतच बसले. चाँदभाई घामानं निथळत शेजारी येऊन बसला आणि सवयीनं म्हणाला, "और कुछ होना, मामू?"

"नक्को," दोघं एका सुरात म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. कस्तुरानं भुजंगच्या गळ्यात हलव्याचा हार घातला. तिळगूळ वाटून झाला, संध्याकाळच्या गाडीनं दोघं पूर्ण्याला निघून गेले. पुढच्या पंधरवड्यात पुन्हा येतो म्हणाले. घर शांत झालं तशा कुसुमबाई रंगनाथरावांच्या समोर येऊन बसल्या. दिवसभर पोटात ठेवलेलं त्यांना आता बोलायचं होतं.

"त्यांनी आदीच नको म्हनून लिहून देलतं," त्या म्हणाल्या. "हितं ओसरीवर, तिळगूळ खाता खाता इचारलं आसतं, तर फुकट कळलं आसतं. एवढे पैसे घालून, जीव टांगून काय मिळवलंव?"

रंगनाथरावांनी हातातला लाडू फिरवला.

"घरात होईना गं," ते म्हणाले.

आवाज इतका बारीक होता की बस स्टँडवरच्या कुणाचा विश्वास बसला नसता. पण कुसुमबाईंना तो नीट ऐकू आला. त्या उठल्या, डब्यातून आणखी एक लाडू काढून त्यांच्या हातावर ठेवला, आणि पंधरा रुपयांचा विषय पुन्हा कधी काढला नाही.