पलंगाखालची मेथी

"लीला, पलंगाखाली वावर उगवलं ना वं," जगदीश ओरडला. बहरीनमधल्या अस्करच्या कारखान्यातून पाळी करून आलेला हा लीलाबाईंचा नवरा चप्पल शोधायला वाकला होता.

लीलाबाई धावल्या. मराठी मंडळाच्या प्रदर्शनासाठी वाळत ठेवलेल्या सगळ्या कुंड्यांना हिरवे कोंब फुटले होते.

खजुराच्या वाळक्या झावळ्या बागवाले जाळून टाकतात, हे अकोल्याच्या लीलाबाईंना बघवत नसे. झावळ्या भिजवून, कुटून त्या लगद्याच्या कुंड्या करायच्या, रोप कुंडीसकट मातीत लावायचं, प्लास्टिकची कटकट नाही. मंडळाच्या हॉलमध्ये लीलाबाई बायकांना हेच शिकवत. सेक्रेटरी सदानंदरावांना मात्र हॉलमधला पसारा सलत होता. "प्रदर्शनात माल खपला तर क्लास चालू, नाहीतर बंद," असं त्यांनी बजावलं होतं.

लगदा चिकट व्हावा म्हणून लीलाबाई आईच्या रीतीने त्यात मेथीचे दाणे वाटून घालत. ऐन वेळी मिक्सरने मान टाकली, म्हणून भिजलेली मेथी त्यांनी अर्धवटच ठेचून घातली. कुंड्या गच्चीवर वाळवायला नेल्या, तर रखवालदाराने "मफी, मफी," म्हणजे नाही, नाही, करत हाकललं. शेवटी कुंड्या पलंगाखाली, एसीच्या गारव्यात गेल्या. ओल काही हटली नाही आणि मेथीने डोकं वर काढलं.

"ताई, कुंड्यांना केस आलेत गो. उपटूया?" त्यांची विद्यार्थिनी, रत्नागिरीची नसीमा म्हणाली.

"उपटलं तं कुंडी फुटते. चाल तशीच."

प्रदर्शनात सदानंदरावांनी टेबलाकडे पाहून कपाळावर हात मारला. "लीलाताई, ही काय भाजी मंडई आहे? उद्या हॉलची चावी आणून द्या." लीलाबाईंना रडूच कोसळायचं बाकी होतं.

तेवढ्यात अबाया घातलेली एक बहरिनी बाई थांबली. तिने एक पान खुडून चावलं.

"हिल्बा," ती खुशीत म्हणाली. हिल्बा म्हणजे मेथीच. "कितना?"

भाव नसीमाने सांगितला. "खाला, भाजी खाओ, कुंडी मिट्टी में गाड दो. कचरा मफी."

बाईने हात भरून कुंड्या उचलल्या आणि मैत्रिणींना हाका मारल्या. दुपारपर्यंत टेबल रिकामं झालं, वर पुढच्या महिन्याची ऑर्डरही आली. लीलाबाईंना आभाळ ठेंगणं झालं.

सदानंदराव हळूच आले. "चावी राहू द्या तुमच्याकडेच. आमच्या घरासाठी एखादी कुंडी मिळेल?"

"खलास. पाहिजे असन तं क्लासले या."

सदानंदरावांनी आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला. "पुरुषांना घेता?"

"घेतो ना," लीलाबाई म्हणाल्या. "पण झावळ्या स्वतः कुटा लागते."