आलोच नव्हतो, असे जाऊ

एका जंगलात एक नदी होती. की एका नदीकाठी एक जंगल होतं? मुलांनो, पहिल्याच वाक्यात माझा गोंधळ झाला आहे, तेव्हा पुढचं जरा सांभाळूनच ऐका. ही गोष्ट मी फार लहानपणी ऐकली. त्यातली एक बाब तर मला तेव्हाच साफ खोटी वाटली होती. कुठली, ते ओघात येईल.

तर नदीच्या वळणावर एक जांभळाचं झाड होतं. झाडाची मुळं पाण्यात उतरली होती आणि मुळांखाली एक बीळ होतं. त्या बिळात तापूबाई राहायची. तापूबाई म्हणजे पाणमांजर. तिची आई त्याच बिळात राहिली, आजीही तिथेच राहिली.

बिळासमोर एक चपटा दगड होता. मासा खाल्ला की काटे त्या दगडावर टाकायचे आणि पोट मोकळं करायचं तेही त्याच दगडावर, अशी घराण्याची रीत होती. दगडाला वास यायचा. पण त्या वासावरून नदीवरच्या सगळ्यांना कळायचं, की तापूबाई घरी आहे, बरी आहे, आणि काल तिने मरळ खाल्ली.

तापूबाईला दोन पिल्लं होती. डोह्या आणि चिंगी. आणि त्यांना पोहता येत नव्हतं.

हसू नका. मला खोटं वाटलं होतं ते हेच. पाणमांजराची पिल्लं, आणि पोहता येत नाही! पण मला सांगणाऱ्याने तसंच सांगितलं, म्हणून मीही तसंच सांगतो. पाणी दिसलं की डोह्या डोळे गच्च मिटायचा आणि चिंगी आईच्या शेपटीला चावा घ्यायची.

"अजून वीस दिवस," तापूबाई म्हणायची. "अंगावरचे केस जरा दाट होऊ देत. मग ढकलीन."

एके सकाळी शहरातून बारा मेंढरं आली. शहरात ती एका आवारात राहायची, अंगाला अंग लावून. एकीने श्वास सोडला की दुसरी तो घ्यायची. बारापैकी सगळ्यात पुढे होते लोकरेसाहेब. लोकरेसाहेब म्हणजे एडका. शिंगं दोन वेटोळी वळलेली, चालणं सावकाश. आवाराशेजारच्या वाचनालयातली सगळी पुस्तकं त्यांनी वाचली होती. काही खाल्लीही होती.

प्रत्येक मेंढराच्या पाठीवर एक बोचकं होतं. बोचक्यात कडबा, एक खुरपं आणि निरगुडीचा एक फाटा.

"इथे कोणी राहतं का?" लोकरेसाहेबांनी विचारलं.

"मी राहते की," तापूबाई पाण्यातून मान काढून म्हणाली.

"अरेरे! आम्हाला तर सांगितलं होतं, की इथे कोणीच नसतं."

"सांगणारा आला असेल तेव्हा मी मासे धरायला गेले असेन. तुम्ही कोण म्हणायचे?"

"आम्ही आदिम मुक्काम मंडळ. गर्दीपासून दूर, नदीकाठी, जिथे कसलीच सोय नाही तिथे आम्ही मुक्काम करतो. आणि आमचं ब्रीद आहे..."

"आलोच नव्हतो, असे जाऊ!" बाराही मेंढरं एका सुरात म्हणाली.

"मग आलात कशाला?" तापूबाईने विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं.

लोकरेसाहेबांनी ते ऐकलं नाही. ते दगडाकडे बघत होते. मग त्यांनी नाक मुरडलं.

"बाई, किती दिवस झाले तुम्हाला इथे?"

"जन्मलेच इथे."

"म्हणजे चौदा दिवसांच्या वर?"

"असतील बाई."

मेंढरांत कुजबुज झाली. लोकरेसाहेबांनी डोळे मिटले आणि दुःखाने उघडले.

"एका जागी चौदा दिवसांच्या वर मुक्काम करायचा नसतो. जागा झिजते."

"झिजून झिजूनच तर बीळ झालंय, साहेब."

"शिवाय पाण्यापासून दोनशे पावलं लांब राहायचं असतं."

"आणि मासे कुठे धरू? झाडावर?"

"आणि हा दगड! बाई, जंगलात आपला माग ठेवायचा नसतो. आजचा पहिला दिवस धरू. चौदाव्या दिवशी आमचे तपासनीस येतील. त्याआधी जागा सोडा. नाहीतर बीळ बुजवून जागा होती तशी करावी लागेल."

तापूबाई म्हणाली, "साहेब, पिल्लं लहान आहेत. या काठाने चालत न्यावी तर ही वाघाची वाट आहे. पाण्यातून न्यावी तर त्यांना पोहता येत नाही."

"पाणमांजराच्या पिल्लांना?" लोकरेसाहेब हसले. बाकीची मेंढरंही हसली. "बाई, कारण तरी जरा पटेल असं सांगा."

मग लोकरेसाहेब मंडळाकडे वळले. "हं, विखरा! प्रत्येकाने एकट्याने राहायचं. एकमेकांना दिसायचं नाही, एकमेकांना ऐकू यायचं नाही. तीच खरी शांतता."

एवढं बोलून ते डावीकडे चालू लागले. अकराही मेंढरं त्यांच्यामागे डावीकडे विखुरली. ते एका करंजाखाली थांबले. अकराही जणी त्याच करंजाखाली थांबल्या.

"असं नव्हे!" लोकरेसाहेब ओरडले. "वेगवेगळ्या दिशांना!"

मेंढरं हिरमुसली. मग सगळी मिळून उजवीकडे विखुरली.

अंगवळणी पडायला तीन दिवस लागले. पण शेवटी जमलं. एक मेंढरू टेकडीआड गेलं, एक बांबूच्या बेटात, एक ओढ्यापलीकडे. आणि त्यांचा आदिम दिनक्रम सुरू झाला. भोवती गुडघाभर हिरवं गवत होतं. पण ते खाल्लं तर माग राहिला असता, म्हणून मेंढरं त्यात उभी राहून घरून आणलेला वाळका कडबा खायची. बाकी दिवस खड्डे खणण्यात जायचा. नियम असा होता, की पोटातून पडेल ते सहा बोटं खोल पुरायचं. आता मेंढराची लेंडी म्हणजे काही एक नसते, आणि ती चालता चालता पडते. एक पुरेपर्यंत पुढच्या चार.

सकाळी सगळ्यांनी नदीवर यायचं, पाणी प्यायचं आणि निरगुडीच्या फाट्याने वाळू झाडायची. आपले ठसे पुसायचे. दुसऱ्या कोणाचे दिसले तर तेही पुसायचे.

इथेच तापूबाईची अडचण झाली. रोज सकाळी ती बिळातून आधी वाळू बघायची. वाघोबा येऊन गेले का, कुठून आले, कुठे गेले, पोट भरलेलं होतं की रिकामं, सगळं तिथे लिहिलेलं असायचं. ते वाचून मगच ती पिल्लांना एकटं सोडून मासे धरायला जायची. आता वाळू गुळगुळीत. कोरी पाटी.

"साहेब, ते पुसू नका," ती म्हणाली. "ते वाघाचे ठसे आहेत."

"वाघाचे असोत, मुंगीचे असोत. नियम सगळ्यांना सारखा."

"अहो, तो तुम्हाला खाईल!"

लोकरेसाहेब समजूतदारपणे हसले. "बाई, आम्ही जावं म्हणून तुम्ही हे बोलताय. तुमच्या भावना मी समजू शकतो."

खरं तर त्यात अर्धं खरं होतं, म्हणून तापूबाई बिळात परतली. ती मंडळी जावीत असं तिला वाटतच होतं. पण त्या वाटेने नव्हे.

पाचव्या दिवशी सगुणा नावाची एक म्हातारी मेंढी हळूच बिळापाशी आली. तिचं खुरपं बोथट झालं होतं.

"तापूबाई, जरा अंगाला टेकू का गं तुझ्या? दोन दिवस झाले, कोणाची लोकर लागली नाही अंगाला."

"टेक की. पण मी ओली आहे."

"असू दे." सगुणा टेकली आणि तिला रडू फुटलं. "एकटीला घास जात नाही गं. कडबासुद्धा."

"मग घरी जा. आत्ता जा, ऊन आहे तोवर. वाघ उन्हात हलायचा नाही."

"आणि लेंड्या? त्या पुरत पुरत जायचं तर दिवस मावळेल."

"पुरू नकोस! पडू देत."

सगुणेने आयुष्यात पहिल्यांदाच नियम मोडला. ती तडक शहराच्या वाटेने पळत सुटली. मागे लेंड्यांची सरळ रांग पडत गेली. लोकरेसाहेबांनी ती पाहिली, दुपारभर बसून पुरली, आणि संध्याकाळी सगुणेचं नाव मंडळातून कमी केलं.

सहाव्या दिवशी वाघोबा स्वतः आले. लोकरेसाहेबांपासून दहा पावलांवर, आदबीने, पंजे जुळवून बसले.

"तुमच्या मंडळात मला घ्याल का?"

लोकरेसाहेबांची शिंगंसुद्धा पांढरी पडली. पण ते विद्वान होते, आणि विद्वानाला प्रश्न विचारला की भीती वाटत नाही. "नियम ठाऊक आहेत?"

"जन्मापासून पाळतोय. एकटा राहतो. कोणाला दिसत नाही, कोणाला ऐकू येत नाही. एका जागी चौदा दिवस कधी थांबलो नाही. आणि जेवण उरलं की त्यावर पालापाचोळा ओढून ठेवतो."

"वा!" लोकरेसाहेब भारावले. "आमच्या मेंढरांना हे तीन दिवस शिकवावं लागलं. फक्त एक, तुमचे ठसे राहतात वाळूवर."

"ते तुम्हीच पुसता ना रोज? तुमचे उपकार आहेत साहेब."

त्या दिवसापासून मंडळाची प्रगती झपाट्याने झाली.

सातव्या दिवशी पाण्यावर दहाऐवजी नऊ मेंढरं आली. "शेवंता इतकी छान विखुरली आहे," लोकरेसाहेब कौतुकाने म्हणाले, "की दिसतसुद्धा नाही!"

नवव्या दिवशी सहा आली. "शांतता बघा किती वाढली आहे."

"साहेब, त्या सगळ्या मेल्या हो!" तापूबाई ओरडली.

"काही माग आहे?"

तापूबाईने वाळूकडे पाहिलं. वाळू स्वच्छ होती. ती त्या सहाजणींनीच झाडली होती.

"नाही," ती म्हणाली.

"मग?" लोकरेसाहेब म्हणाले.

बाराव्या दिवशी ते एकटेच आले. त्यांचा चेहरा समाधानाने उजळला होता. "बाई, मी आजवर पुस्तकांत वाचलं होतं, पण इतका एकांत प्रत्यक्ष पहिल्यांदाच अनुभवतोय."

"साहेब, तुम्ही तरी जा. हात जोडते. पळा!"

क्षणभर, मुलांनो, त्यांनी टेकडीकडे पाहिलं. कोणाला तरी हाक मारावी असं त्यांच्या घशाशी आलं होतं. पण एकमेकांना ऐकू जायचं नाही, असा नियम होता. त्यांनी हाक गिळली, वाळू झाडली, फाटा तापूबाईच्या दगडाला टेकवून ठेवला आणि आपल्या जागी गेले. तेराव्या दिवशी वाळू झाडायला कोणीच आलं नाही. तिच्यावर ठसे होते. जड, भरल्या पोटाचे.

चौदाव्या दिवशी तपासनीस आले. ते उंट होते. मान उंच असल्याने त्यांना लांबचं सगळं दिसायचं, फक्त पायाखालचं दिसायचं नाही. नदीच्या वाटेवर लांबून त्यांची मान दिसली तशी तापूबाई बिळातून बाहेर आली. काय सांगायचं यांना? मेंढरं वाघाने खाल्ली म्हणावं, तर माग मागतील. आपण इथे राहतो म्हणावं, तर बीळ बुजवतील.

तिची नजर निरगुडीच्या फाट्यावर गेली.

तिने आजीच्या वेळचा तो दगड झाडला, धुतला, घासला. काटे पाण्यात ढकलले. बिळाच्या तोंडावर पाला ओढला. मग डोह्याची मानगूट धरली.

"आई, नको! वीस दिवस म्हणाली होतीस!"

"मोजण्यात चुकले," तापूबाई म्हणाली आणि ढकललं. मागोमाग चिंगीला.

दोघं बुडाली. एक बुडबुडा आला. दुसरा आला. मग पाण्यावर दोन बारकी नाकं उगवली, रागाने फुरफुरत. त्यांच्याशेजारी तिसरं नाक उगवलं.

उंटसाहेब काठावर आले. त्यांनी मान फिरवली. "कोणी आहे का?"

तीन नाकं गप्प राहिली. उंटसाहेबांनी अहवाल लिहिला, मोठ्याने वाचत वाचत. "मुक्काम आदर्श. बाराजणांपैकी एकाचाही माग नाही. स्थानिक रहिवासी, कोणी नाही. बुजवण्याजोगं काही नाही."

"साहेब," जांभळाआडून वाघोबा म्हणाले. त्यांना अजीर्ण झालं होतं, म्हणून ते झोपूनच होते. "मीही सभासद आहे."

उंटसाहेबांनी त्यांना मंडळाचं प्रशस्तिपत्र दिलं.

"पुढची तुकडी केव्हा?" वाघोबांनी विचारलं.

"पुढच्या महिन्यात. चाळीस आहेत."

"पाठवा," वाघोबा म्हणाले. "जागेला सवय झाली आहे आता."

तापूबाईने ते पाण्यातून ऐकलं. उंट गेल्यावर ती वर आली, ओल्या अंगाने दगडावर चढली आणि घराण्याच्या रीतीप्रमाणे, सावकाश, पोट मोकळं केलं.

तात्पर्य: जंगलात गेल्यावर सगळे नियम काटेकोर पाळावेत आणि माग ठेवू नये. ज्यांनी ठेवला नाही त्यांची आजवर एकही तक्रार आलेली नाही. सगुणेची एक आली होती, पण तिने नियम मोडला होता.

आणि मुलांनो, ते पिल्लांचं. पुष्कळ वर्षांनी मला एक प्राणिशास्त्राचे प्राध्यापक भेटले. पाठीला तंबू बांधून ते कुठेतरी निघाले होते, घाईत होते, तरी मी त्यांना थांबवून विचारलंच. ते म्हणाले, खरं आहे. पाणमांजराच्या पिल्लांना पोहणं शिकवावं लागतं. आई मानगुटीला धरून पाण्यात नेते.