सुवार्ताचा सराव

मे महिन्यातली टळटळीत दुपार. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीत कुत्रीसुद्धा नळाजवळच्या ओलीत पोट टेकून पडली होती. आणि समोरच्या गच्चीवर एक मुलगी जाड स्वेटर, त्यावर कोट, डोक्याला कानटोपी आणि हातात लोकरीचे हातमोजे अशा थाटात कपडे वाळत घालत होती. हातमोज्यांतून चिमटे निसटत होते आणि खाली गल्लीत पडत होते. त्यातला एक माझ्या डोक्यात पडला, म्हणून मी वर पाहिलं.

"सुवार्ता, थंडी वाजून ताप आलाय का गं?"

"नाही काकू. सराव करायलेय," ती घामाने निथळत म्हणाली.

ही सुवार्ता साळवे. आमच्या समोर राहते, एका दवाखान्यात नर्स आहे, आणि तिला मंगोलियाला जायचं आहे. फिरायला नव्हे. तिथे मिशनचं मुलांचं वसतिगृह आहे, त्यांना नर्स हवी आहे. चर्चमध्ये कुणीतरी येऊन ही माहिती दिली आणि त्याच दिवशी हिने घरी येऊन जाहीर केलं की मला देवाचं पाचारण झालंय. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. नकाशावर छडी टेकवून मंगोलिया कितीदा दाखवला असेल, पण तिथे आमच्या गल्लीतलं कुणी जाईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

बाहेरदेशी सेवेला जाणाऱ्यांसाठी त्यांच्या चर्चमध्ये दर शनिवारी वर्ग भरायचा. जेऊरची एक मुलगी यायची, टेंभुर्णीचा एक मुलगा यायचा, शहरातली तीन-चार जणं होती. पाळकसाहेब त्यांना दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगायचे. परक्या मुलखात परकं होऊन राहायला शिका, आणि पुढ्यात येईल ते नावं न ठेवता खा. बाकीच्यांनी माना डोलावल्या. आमच्या सुवार्ताबाईंनी गृहपाठ समजून तो अंगावर घेतला. थंडीची सवय सोलापुरात कुठून लागणार, निदान कपड्यांची तरी लागू दे, हा तिचा हिशोब. त्या हातमोज्यांनी ती सुईत दोरा ओवायची, लसूण सोलायची. एकदा तर बर्फाच्या कारखान्यात जाऊन मालकाची परवानगी काढून लाद्यांशेजारी बसून आली. पुढचे काही दिवस तापाने फणफणली होती, पण चेहऱ्यावर परीक्षेत पहिली आल्यासारखा आनंद.

परकं होण्याचं मात्र तिला काही केल्या जमेना. शुक्रवार हा तिने परकेपणाचा वार ठरवला होता. त्या दिवशी आपल्याला इथली भाषा येत नाही असं समजून खाणाखुणांनी बाजार करायचा. पहिल्याच शुक्रवारी तिने भाजीवालीला वांग्याकडे बोट दाखवून हातवारे केले. भाजीवाली तेलुगू. पोरीचा आवाज बसला म्हणून ती घाबरली आणि आल्याचा काढा कसा करायचा ते सांगू लागली. काढ्यात मिरे घाल म्हणाली, तेव्हा सुवार्ताच्या तोंडून तेलुगूत निघून गेलं की मिरे मला सोसत नाहीत. मग किराणावाल्याकडे गेली, तिथे कन्नड. पंक्चरवाल्याकडे दखनी. हिला सगळंच येतं, कारण ती याच गल्लीत वाढली. संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसली आणि हताश होऊन म्हणाली, "काकू, ह्या गावात परकं व्हायची सोयच नाही की."

मी तिला म्हटलं, आमच्या ह्यांच्याशी शेअर बाजारावर बोल, इतकी वर्षं संसार करूनही मला त्यातलं अक्षर कळत नाही. तर ती खरंच आत जाऊन तासभर बसली.

खाण्याचा सराव तिने आमच्याकडे सुरू केला. जेवायच्या वेळी दारात यायची, त्यांच्या चर्चच्या रीतीने "सलाम काकू" म्हणायची आणि पाटावर बसायची. दोन-चारदा जेवून झाल्यावर मला म्हणाली, तुमच्याकडे काही शिकायला मिळत नाही, सगळं चांगलंच लागतं. मी सुखावले. लगेच पुढे म्हणाली, तुमच्या हातचं वाईट काय होतं ते सांगा. मी शेपूची भाजी केली. ती तिने डोळे मिटून, एका दमात संपवली आणि माझे आभार मानले. त्या आभारांचा राग मला अजून आहे.

इथवर सगळं हसण्यावारी जात होतं. पण मग तिने घरी स्वयंपाक करायचं सोडून दिलं.

तिच्या घरात ती आणि तिचे वडील, दोघंच. आई तीन-एक वर्षांमागे गेली. वडील, म्हणजे आप्पा, एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झालेत. कमी बोलतात आणि सतत काहीतरी दुरुस्त करत असतात. आई गेल्यापासून घर सुवार्तावरच होतं. आणि एका सोमवारी तिने आप्पांना सांगितलं की आजपासून मी ह्या घरात पाहुणी. यजमान जे वाढतील ते खायचं, नावं ठेवायची नाहीत.

साठी उलटलेला माणूस परातीसमोर बसला. भाकरीचा वास गल्लीभर पसरायचा, करपलेला. पिठलं म्हणून जे व्हायचं त्यात चमचा उभा राहायचा. सुवार्ता ड्यूटीवरून येऊन ते शांतपणे खायची. चेहऱ्यावरची रेघ हलत नसे. मी चिडले. एका डब्यात आमटी-भात घेऊन गेले तर तिने दारातच मला थांबवलं.

"डबा नको काकू. सराव मोडतो."

"जगाची सेवा करायला निघालीस," मी म्हटलं, "आणि बाप इथे हात भाजून घेतोय. आधी घरातलं माणूस बघ."

तिने डबा घेतला नाही. दार मात्र पुरतं लावलं नाही, माझी पाठ वळेपर्यंत उभी राहिली.

तिकडे मिशनवाले तिला निघायची तारीख विचारत होते. कागदपत्रं सगळी झाली होती. ती आज सांगते, उद्या सांगते करत होती. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "आप्पांची भाकरी फुगली की सांगते." मला ती थट्टा वाटली. घरी आल्यावर भाजी चिरता चिरता माझा हात थांबला. ही पोरगी स्वतःची तयारी करत नव्हती, बापाची करत होती. माझा डबा तिने का नाकारला ते तेव्हा कळलं आणि मी एकटीच स्वयंपाकघरात डोळे पुसत बसले. ह्यांनी विचारलं तर कांदा म्हणून सांगितलं.

पण आप्पांची भाकरी काही सुधारेना. पावसाळा सरला, दिवाळी आली, भाकरी काळी ती काळीच.

एका दुपारी सुवार्ता ड्यूटीवर होती. फराळाचं ताट द्यायला म्हणून मी त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं. आप्पा गॅससमोर बसले होते आणि तव्यावर भाकरी टम्म फुगली होती. शेजारी थाळीत आणखी एक, पापुद्रा सुटलेली, तिच्यावर शेंगाची चटणी आणि तेल. मला बघून ते एखाद्या पोरासारखे दचकले.

"आप्पा, ही तुम्ही केलीत?"

"मुक्कामी गाडी असली की आमी हातानंच करून खायचो, बाई. भाकरीत काय एवढं." त्यांनी गॅस बंद केला. "तिला सांगू नगा. भाकरी जमली म्हंजी ती निघाली."

आता मी जन्माची बोलभांड. कुणाच्या घरी काय शिजतं हे माझ्याकडून गल्लीला कळतं. पण हे मी ह्यांनाही सांगितलं नाही. समोरच्या घरात दोन माणसं रोज संध्याकाळी जेवायला बसत होती, एक मुद्दाम करपवत होतं आणि दुसरं जाणं लांबतंय म्हणून झुरत तेच गुमान गिळत होतं. कुणाची बाजू घ्यायची ते मला कळत नव्हतं.

जानेवारीत जेऊरची मुलगी निघाली. तिला नेपाळमधल्या डोंगरातल्या एका शाळेत जायचं होतं. चर्चमध्ये तिच्यासाठी निरोपाची प्रार्थना झाली, आम्हालाही बोलावलं होतं. सुवार्ता सगळ्यांत मोठ्याने गात होती. शेवटी तिने पिशवीतून आपली कानटोपी आणि हातमोजे काढले आणि त्या मुलीच्या हातात दिले. म्हणाली, तुला आधी लागतील, मी नंतर घेईन. आप्पा माझ्या शेजारच्या बाकावर होते. त्यांनी ते पाहिलं आणि खाली मान घातली. शेवटच्या गाण्याला सगळे उभे राहिले, ते बसूनच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुवार्ता गच्चीवर कपडे वाळत घालत होती. उघड्या हातांनी. एकही चिमटा पडला नाही. आप्पा खाली अंगणात उभे राहून बराच वेळ वर बघत होते. मग माझ्या दारात आले आणि म्हणाले, "बाई, आज दोगं जेवायला या. मी करनार हाय."

आम्ही गेलो. पिठलं मऊ, चटणी ताजी, कांदा फोडलेला. आप्पांनी आमच्या ताटात भाकऱ्या वाढल्या आणि मग सुवार्ताच्या ताटात एक टाकली. पांढरीशुभ्र, काठापर्यंत फुगलेली, वाफ निघत असलेली. सुवार्ता तिच्याकडे बघत राहिली. मग आप्पांकडे. मग माझ्याकडे बघितलं, तर मी पिठल्यात बघायला लागले.

"आप्पा, ही..."

"पुढ्यात आलं ते खायचं," आप्पा म्हणाले. "नावं ठेवायची न्हाईत. आनि त्या लोकांना तारीख कळवून टाक."

तिने तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि तोंडात घातला. इतके महिने कोळसा खाताना जिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती, तिला तो घास खाली उतरेना. डोळ्यांतून पाणी वाहून भाकरीवर पडत होतं.

"काकू," ती म्हणाली, "ह्याचा सराव राहिला की."

 आप्पांनी परात पुढे ओढली आणि तिच्यासाठी दुसरी भाकरी थापायला घेतली.