कार्ड चाललं तर

आमच्या वरच्या खोलीतल्या सोमनाथला दही जिवापाड आवडतं. पण तो कधी विरजण लावत नाही. "दही लागायला रात जाती, काका. सकाळी मी हितं असंन का न्हाई, कोण सांगावं?"

परभणीचा हा सव्विशीतला गडी चाकणला ठेकेदाराकडून पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवर आहे. तिथे ठेकेदाराच्या माणसांना काही महिन्यांनी 'ब्रेक' देतात, म्हणजे कामावरून काढतात; कुणी पर्मनंट व्हायला नको. आधी सांगत नाहीत. एका सकाळी गेटवर कार्ड लावलं की लाल दिवा लागतो, बस्स! त्यामुळे आमच्या हिने स्थळ सुचवलं तरी उत्तर ठरलेलं, "बघू काकू, कार्ड चाललं तर."

पगाराचा मेसेज आला की हा एटीएमवर जाऊन खात्री करतो, मग एटीएमचं खरं का म्हणून दुसऱ्या एटीएमवर जातो. मतदान केलं, तर बाहेर येऊन आधी बोटावरची शाई घासून बघितली!

मी पिंपरीतल्या जुन्या कारखान्यात पर्मनंट. कंपनीच्या बसमधली माझी खिडकीसुद्धा पर्मनंट. ऐटीत म्हणालो, "भावा, जरा विश्वास ठेवायला शीक."

"ठेवला असता की. तुमच्या पिढीनं शिल्लक कुटं ठिवलाय?"

मी खो-खो हसलो. पण ताथवड्याला इंजिनिअरिंग शिकणारी माझी लेक म्हणाली, "बाबा, तो बरोबर बोलतोय." तेव्हापासून त्याची बाइक सुरू झाली की मीही घड्याळ बघत बसतो, लगेच परत तर येत नाही ना.

परवा माझी दुसरी पाळी होती. पहिल्या पाळीला गेलेला सोमनाथ सकाळीच परत आला. बाइकचा आवाज ऐकूनच मी ओळखलं. लाल दिवा लागला होता.

धीराचे चार शब्द जुळवले, पण ते सगळे खोटे वाटले; मी बऱ्याच वेळाने जिना चढलो. दार उघडंच होतं. चाकणच्या कारखान्यातली चहाची सुट्टी गाठून त्याने तिथल्या मित्राला फोन लावला होता आणि आपल्या जागी आलेल्या नव्या माणसाला फोनवर बोलावलं होतं. मला हातानेच थांबवून तो बोलत राहिला.

"माझ्याच प्रेसवर टाकलंय ना तुला? मग ऐक. सेन्सर चालू हाय, हात आत गेला की मशीन थांबंल म्हणतील. इस्वास ठिवू नको. आधी लाकडी पट्टी घालून बघ. मशीन थांबलं, तरच हात घाल. रोज बघायचं, भावा. काल थांबलं व्हतं म्हणून आज थांबंल असं न्हाई."

पलीकडचा काहीतरी पुटपुटला. सोमनाथचा आवाज एकदम मऊ झाला.

"भ्या वाटलं तर कवाबी फोन कर. मी मोकळाच हाय."