फिटलं ते पुसलं

मार्च महिन्याची बँक जुळवणी हेमांगीने एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात संपवली होती. फरक शून्य आला होता आणि त्या आनंदात तिने सोसायटीच्या खर्चाने सगळ्यांना वडापाव दिला होता. त्यामुळे जुलैमध्ये तीच जुळवणी सहज म्हणून उघडल्यावर फरकाच्या जागी अकरा हजार चारशे दिसले, तेव्हा तिला आधी तो वडापाव आठवला. पण तो इतका महाग नव्हता.

तिने फेब्रुवारी उघडला. तिथे सात हजारांचा फरक. जानेवारीत नऊ. डिसेंबर उघडायचं तिचं धाडस झालं नाही.

आगरदांड्याच्या जेटीजवळ सोनपाखरू मच्छीमार सोसायटीचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. बोटवाले सोसायटीकडून उधारीवर डिझेल आणि बर्फ नेतात आणि सवडीने बँकेत पैसे भरतात. हेमांगी ती जमा कॉम्प्युटरमध्ये लिहिते. महिना संपला की बँकेचं स्टेटमेंट शेजारी धरायचं आणि दोन्हीकडे सापडलेल्या नोंदीला हिरवी टिक करायची. सगळ्यांना टिक झाली, फरक शून्य आला, की महिना बंद. बंद महिना बंदच राहतो असा तिचा समज होता.

बाकी तिचं स्वतःचं सगळंच गेली तीन वर्षं हंगामी होतं. ऑडिटर गुरुवारी अलिबागहून यायचे होते. हिशेब स्वच्छ निघाला तर रविवारच्या वार्षिक सभेत तिला कायम करायचा ठराव मांडू, असा शब्द चेअरमन दयाराम तांडेलांनी दिला होता. आणि नाही निघाला तर, असं तिने विचारलं, तेव्हा ते म्हणाले होते की मग आपण सगळेच हंगामी.

तिने सॉफ्टवेअरवाल्यांच्या हेल्पलाइनला फोन लावला. नवी मुंबईतून कुलदीप नावाचा मुलगा बोलत होता. त्याचा आवाज इतका प्रेमळ होता की तिला लगेच संशय आला.

"मॅडम, क्लोज केलेला महिना अपने आप हलत नाय. कोणीतरी एंट्री डिलीट करतंय."

"कोणी डिलीट करत नाही. कॉम्प्युटरवर मी एकटीच असते."

"मग मॅडम, तुम्हीच करताय," कुलदीप म्हणाला आणि सेवेबद्दल पाचपैकी किती गुण द्याल असं विचारलं.

हेमांगीने गुण दिले नाहीत. स्टेटमेंट समोर ठेवून तिने गायब जमा पुन्हा लिहून काढल्या, टिका केल्या, दुपारपर्यंत मार्च शून्यावर आणला आणि घरी जेवायला गेली. परत आली तर मार्चचा फरक एकवीस हजार झाला होता. सकाळी होता त्याच्या जवळजवळ दुप्पट. मंगळवारी तिने जास्त नेटाने काम केलं, तर जेवून येईपर्यंत नेटाच्या प्रमाणात फरक वाढला. जेवढ्या टिका जास्त, तेवढ्या नोंदी गायब. दुरुस्तीमुळे आजार वाढतोय असं तिने याआधी फक्त शेजारच्या स्कूटरच्या बाबतीत पाहिलं होतं.

त्याच दुपारी कमळमावशी आली. तिच्या दोन बोटी. मोबाइल तिने कुजका बोंबील धरावा तसा दोन बोटांत धरला होता. त्यावर सोसायटीचा मेसेज होता: बर्फाची थकबाकी त्वरित भरावी. सॉफ्टवेअरचं काही चुकलं नव्हतं. त्याच्याकडे जमेची नोंद दिसेना, म्हणून त्याने आपल्या बुद्धीने उधारी मागितली होती.

"मार्चमदी पैसं भरलं का न्हाय मी?" मावशीने विचारलं. "भरलं. आनि तुमी माजं नाव परत उधारीत काडलं. चार बायकांत मेसेज वाजला माजा."

बाकावर दादूमामा बसले होते. तीस वर्षं सोसायटीचे खजिनदार, पूर्वीचे नावाजलेले तांडेल म्हणजे बोटीचे कप्तान, आणि ज्यांच्या कारकिर्दीत पैशांवरून एकही भांडण झालं नाही असे जेटीवरचे एकमेव गृहस्थ. मेसेज ऐकून ते उभेच राहिले. फिटलेल्या माणसाला मागणी करणं म्हणजे त्याच्या दारात कचरा टाकण्यासारखं आहे, असं त्यांनी हेमांगीला सुनावलं. मग मावशीला म्हणाले, "तू घरी जा. मी जातीनं बघतो."

दुसऱ्या दिवशी कमळमावशीला दोन मेसेज आले.

बुधवारी चेअरमन स्वतः कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून बसले. कोणी काय काढलं याची यादी कुठे असते ते कुलदीपने फोनवरून दाखवलं. यादी लांब होती. प्रत्येक ओळीत एकच नाव होतं: हेमांगी. आणि वेळ रोजची, एक ते दोनच्या मधली.

"एक ते दोन तू कुठं असतेस?" दयारामांनी विचारलं.

"घरी. जेवते."

"कोणी बघितलंय?"

"आईने."

आईची साक्ष ऑडिटर धरत नाहीत, असं दयाराम खेदाने म्हणाले. ते उठून गेल्यावर तिला स्वतःचाच संशय यायला लागला. आमटीभात खाता खाता आपण इथे येऊन नोंदी पुसून जातो की काय.

एक वाजता तिने जेवायला जायच्या निमित्ताने पिशवी उचलली, चपला वाजवत बाहेर पडली आणि मागच्या दाराने येऊन जाळ्यांच्या ढिगाआड उभी राहिली.

पाच मिनिटांत दादूमामा आले. टोपी खुंटीला लावली. खांद्यावरच्या पंच्याने कीबोर्ड पुसला. चष्मा लावून भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान वर केलं, पानामागे हेमांगीनेच मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलेला पासवर्ड एकेक अक्षर बघून दाबला आणि हिरव्या टिका शोधायला लागले. एक सापडली. त्यांनी बटण दाबलं, क्षणभर थांबले आणि कॉम्प्युटरला म्हणाले, "व्हय."

"दादूमामा, काय करताय?"

"पुसतोय," मामा मान न वळवता म्हणाले. "तू टिक करतेस आनि पुसायचं इसरतेस, बाय. काम अर्धं सोडतेस. मी कुनाला बोललो न्हाय. पोरगी कायम व्हायची हाय, म्हटलं कशाला बोला."

मग सगळं बाहेर आलं. जेटीवर पूर्वी पाटी होती. उधारी पाटीवर लिहायची, पैसे आले की देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत पुसायची. फिटल्यावरही नाव राहिलं तर ती बदनामी. म्हणून तीस वर्षांत भांडण नाही. पुढे खजिनदाराला कॉम्प्युटर यायला हवा असं चेअरमनच्या डोक्यात आलं आणि दुसऱ्या माणसाचे जादा पैसे भरायला नकोत म्हणून दोघांनी एकाच नावावर काम करावं, हेही त्यांनीच ठरवलं. शिकवलं हेमांगीने. मामांनी पहिली नोंद काढून दाखवली तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या होत्या. त्यानंतर मामा कॉम्प्युटरजवळ तिला कधी दिसलेच नाहीत, म्हणून ते शिकवणं ती विसरूनही गेली होती.

"अहो, पण ते विचारतं ना, नक्की काढायचं का म्हणून?"

"दर टायमाला इचारतं. लई मन लावून काम करतं ते. मी व्हय म्हनतो."

"आणि ज्यांनी भरलेच नाहीत त्यांचं?"

"त्यांना कशाला हात लावू? त्यांची नावं ऱ्हाऊ दे की."

म्हणजे आख्ख्या सोसायटीत फक्त थकबाकीदारांचे हिशेब अचूक होते. त्यांत पहिलं नाव दयाराम तांडेलांचं होतं. हेमांगीने ते पान चेअरमनना दाखवलं, तेव्हा हा विषय ऑडिटरसमोर न्यायची गरज नाही, असं त्यांचं लगेच मत झालं.

कुलदीपला पुन्हा फोन केला. तो म्हणाला, डिलीट केलेलं सगळं ट्रॅशमध्ये असतं, एक बटण दाबलं की परत येतं. हे सोमवारी का नाही सांगितलं?

"सोमवारी तुम्हीच बोलल्या ना मॅडम, कोणी डिलीट करत नाय."

तिने बटण दाबलं, दोनदा लिहिलेल्या जमा निवडून काढल्या, पासवर्ड बदलला आणि मुरुडहून मामांसाठी लाकडी चौकटीची नवी पाटी आणली. भरलेले पैसे इथे लिहायचे, इथेच पुसायचे, कॉम्प्युटरला त्रास द्यायचा नाही. मामांनी पाटीवर कमळ असं लिहिलं, पुसलं, आणि किती दिवसांनी हाताला चव आली म्हणाले.

गुरुवारी ऑडिटरनी एकेक मागचा महिना उघडला. मार्च शून्य. फेब्रुवारी शून्य. डिसेंबरसुद्धा शून्य. जाताना त्यांनी हेमांगीचं नाव घेऊन कौतुक केलं आणि कोळंबी घेऊन गेले.

रविवारी सभा भरली. एरवी ठराव लिहून घ्यायचं काम हेमांगीचं. पण विषय तिचाच होता, म्हणून नियमाप्रमाणे तिला बाहेर जावं लागलं. कोणीतरी लिहून घ्यायला हवं होतं. दादूमामा म्हणाले, मी हाय की. ती जेटीवर बसून राहिली. आतून टाळ्या ऐकू आल्या. कमळमावशीने तर खिडकीतून हात हलवला.

सोमवारी ती ठरावांचं बुक उघडून बसली आणि मामांकडे ठराव मागितला.

"कसला? तुजा? तो झाला की. एकमतानं. एक मानूस इरोधात न्हाय."

"तेच. कुठे लिहिलाय?"

"पाटीवर लिवला व्हता. मंजूर झाला तसा पुसला," मामा म्हणाले. "सगळ्यांच्या डोळ्यांदेखत."

ती चेअरमनकडे गेली. त्यांनी बराच विचार केला आणि जे लिहिलेलं नाही ते ऑडिटर धरत नाहीत, असं सांगितलं. आता पुढच्या वार्षिक सभेत घेऊ. तोपर्यंत आहे तसं चालू दे.

हेमांगी परत आली. मामांनी तिच्या समाधानासाठी पाटी पुढे केली. ती अगदीच कोरी नव्हती. खाली एक ओळ ठळक अक्षरांत शाबूत होती: हेमांगीची पगारवाढ.

ती नामंजूर झाली होती.