सासूबाईंसाठी ताजा मासा

मंगळवारी सासूबाईंचं परतीचं विमान होतं. त्याआधी आपण स्वतः पकडलेला ताजा सॅमन त्यांना खाऊ घालणारच, असं नचिकेतनं छातीठोकपणे जाहीर केलं. पठ्ठ्यानं जन्मात मासा चाखला नव्हता, पण आत्मविश्वास दांडगा!

पद्माताई वेंगुर्ल्याच्या. फेब्रुवारीत लेकीच्या, मयूराच्या बाळंतपणाला मेलबर्नला आल्या आणि सीमा बंद झाल्यावर अडकल्या. तेव्हापासून डँडेनॉन्गच्या दुकानातले बर्फातले मासे खाऊन त्या कावल्या होत्या. "हे पापलेट माझ्याहून म्हातारं आहे," म्हणत त्या ताट बाजूला सारायच्या, आणि ते जावयाच्या मनाला फार लागायचं.

लॉकडाऊन सैल होऊन पंचवीस किलोमीटरपर्यंत फिरायची मुभा मिळाली, तसा त्यानं गळ मागवला. व्हिडिओ बघून परसात सराव केला. गळ मागे न्यायचा, कमरेतून गर्रकन वळायचं आणि दोरी सोडायची. परसात सगळं झकास जमलं. तिथे शेजारी कुणी उभं नव्हतं ना.

शनिवारी सकाळी धक्क्यावर मात्र अख्खं मेलबर्न लोटलं होतं. दीड-दीड मीटरवर मास्कवाल्यांची रांग. नचिकेतच्या डावीकडे एक ग्रीक आजोबा, त्यांच्या पलीकडे व्हिएतनामी मावशी. सासूबाई बादली घेऊन मागे थांबल्या. "आई, आता बघाच," असं म्हणून जावईबापू गर्रकन वळले.

समोर जायची ती दोरी आडवी गेली आणि डावीकडच्या सगळ्यांच्या दोऱ्यांवर पडली. आजोबांनी आपली ओढली, मावशींनी आपली, आणि असा काही गुंता झाला की तो सोडवायला सगळे एकमेकांना चिकटले. तेवढ्यात गस्तीवरचा पोलीस आला.

"दीड मीटर, मेट," तो म्हणाला.

नचिकेत आज्ञाधारकपणे मागे सरला, तशी त्याच्यामागून अख्खी रांग ओढली गेली. पोलीस दंडाचं बोलू लागला, एवढ्यात पाण्यातल्या गुंत्याला जबर हिसका बसला. मग काय, सगळे ओढू लागले. शेवटी पोलिसानंही हात लावला, आणि हातभर लांब सॅमन फळ्यांवर येऊन पडला.

आता मासा कुणाचा? आजोबा म्हणाले माझा, मावशी म्हणाल्या माझा. नचिकेतनंही क्षीण आवाजात हक्क सांगितला.

पद्माताई पुढे झाल्या. कल्ला उचलून पाहिला. लाल, म्हणजे ताजा! आठ महिन्यांनी त्यांचा चेहरा फुलला.

"आमच्याकडे रापणीचं जाळं ओढायला ज्याचा हात लागला, त्याला वाटा," त्यांनी निकाल दिला. नचिकेतनं तो इंग्रजीत सांगितला. पोलीस हसून नको म्हणाला, सगळ्यांना लांब उभं राहायचा दम देऊन गेला. पद्माताईंनी धक्क्यावरच्या मासे कापायच्या ओट्यावर भराभर वाटे घातले.

भांडण पेटलं ते माशाच्या डोक्यावरून. मावशींनाही डोकंच हवं होतं. दोघी मास्कवरून एकमेकींकडे रोखून बघत राहिल्या. मग पद्माताईंनी सुरी उचलली आणि डोकं मधोमध चिरलं. मावशींनी मान डोलावली. या बाईला मासा कळतो, अशी ती मान होती.

दुपारी अर्ध्या डोक्याचं कालवण झालं. काटे चोखताना पद्माताईंचे डोळे भरून आले. वरण-भात कालवत नचिकेत कौतुकाची वाट बघत होता, तोच मयूराचा फोन वाजला. मंगळवारचं विमान रद्द झालं होतं. ती रडवेली झाली.

पद्माताईंनी शांतपणे हात धुतले.

"रडतेस काय? पुढच्या शनिवारी परत धक्क्यावर जाऊ. मावशींनी खुणेनं बोलावलंय मला." मग त्या जावयाकडे वळल्या. "तुम्ही गाडी चालवा. गळ तेवढा घरी ठेवा."